सव्वातीन लाखांत जुनी गाडी, आणि तीही चालवायला मजेदार!

"गाडी माणसाला पोचवण्यासाठी असते. मजा हवी असेल तर सिनेमाला जावं."

मी सेकंडहँड गाडी शोधते आहे म्हटल्यावर बाबांचं हे पहिलं वाक्य होतं. दुसरं, "अ‍ॅव्हरेज किती देणार?" आणि तिसरं वाक्य आईचं, "ऑटोमॅटिकच घे गं, तुला सोपी पडेल."

मला सोपी नको होती. रविवारी पहाटे इंदूरहून निघावं, महूच्या पुढे जामगेटचा घाट उतरून मंडलेश्वरला नर्मदेकाठी चहा प्यावा आणि दुपारच्या आत परत यावं, आणि मधल्या वळणांवर आपण नुसते बसलेलो नाही, गाडी चालवतो आहोत असं वाटावं, अशी गाडी मला हवी होती. हातात ३ लाख २५ हजार रुपये होते. तीन वर्षांच्या नोकरीची ती सगळी बचत होती, त्यामुळे चुकायला जागा नव्हती.

या सदरात आपण आतापर्यंत सात सीटर, सीएनजी आणि कर्जाचे हप्ते यांबद्दलच जास्त बोललो. या वेळी थोडं मजेबद्दल.

मजा म्हणजे नक्की काय?

मजेदार गाडी म्हणजे वेगवान गाडी असा आपला समज असतो. म्हणून माणसं ब्रोशरमधला हॉर्सपॉवरचा आकडा बघतात. पण तो आकडा एकटा काहीच सांगत नाही, तो किती वजन ओढणार आहे हेही बघावं लागतं. २०१० मध्ये आलेल्या मारुती अल्टो के-१० चं इंजिन होतं ९९८ सीसीचं, ताकद ६८ पीएस. ऐकायला किरकोळ वाटतं. पण गाडीचं वजन साधारण साडेसातशे किलो. म्हणजे टनामागे नव्वदच्या आसपास पीएस. आजच्या एखाद्या ११५ पीएसच्या, साडेबाराशे किलोच्या एसयूव्हीचा हिशोबही जवळपास तेवढाच येतो. सिग्नल सुटल्यावर छोटी अल्टो मोठ्या गाडीला मागे टाकते तेव्हा आपल्याला नवल वाटतं, पण त्यात जादू काही नाही.

हलकी गाडी वळणावरही कमी झुकते, ब्रेक लावल्यावर लवकर थांबते आणि टायर कमी खाते. आणि आपल्या रस्त्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती ताशी पन्नासलाच मजा देते. मोठ्या, आरामशीर गाडीत शंभर गाठल्याशिवाय काही जाणवतच नाही, आणि शंभरला मजा शोधायला आपले रस्ते योग्य नाहीत.

वजनाच्या खालोखाल स्टिअरिंग. जुन्या गाड्यांमध्ये हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असायचं. पार्किंगमध्ये ते जरा जड लागतं, पण पुढच्या चाकांखाली काय चाललंय, खडी आहे की ओला डांबरी रस्ता, हे हाताला कळतं. नंतर आलेलं इलेक्ट्रिक स्टिअरिंग हलकं असतं, इंधनही वाचवतं, पण बऱ्याच स्वस्त गाड्यांत ते व्हिडिओ गेमसारखं लागतं. मग गिअरची दांडी. दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना ती आपसूक जागेवर बसली पाहिजे, खीर ढवळल्यासारखं वाटता कामा नये.

सनरूफ, मोठा स्क्रीन, रंगीत दिवे यांचा या मजेशी काही संबंध नाही. उलट तीन लाखांच्या गाडीत मागाहून बसवलेला मोठा स्क्रीन दिसला की मी आधी वायरिंग बघते.

कोणत्या गाड्या बघाव्या?

माझ्या यादीत सगळ्यात वर मारुती स्विफ्ट होती. हे ऐकून गाड्यांचे शौकीन नाक मुरडतील, कारण प्रत्येक गल्लीत दोन उभ्या असतात. पण २०११ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या पेट्रोल स्विफ्टचं १.२ लिटरचं इंजिन ८७ पीएसचं आहे, गाडी हजार किलोच्या आत आहे आणि इंजिनला वर फिरायला आवडतं. तीन-साडेतीन हजार आरपीएमच्या पुढे ती एकदम जागी होते. शिवाय तिचा सुटा भाग कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो. जुन्या गाडीत मजा टिकवायची असेल तर ही गोष्ट फार मोठी आहे, कारण पार्टची वाट बघत महिनाभर उभी राहिलेली गाडी कुणालाच मजा देत नाही.

होंडा सिटीची २००८ च्या शेवटी आलेली पिढी हा या बजेटमधला लपलेला खजिना. १.५ लिटर, ११८ पीएस, आणि इंजिन असं गुळगुळीत की सुरू आहे का बंद हे कान लावून बघावं लागतं. पाच माणसं आणि बॅगा भरल्या की स्पीडब्रेकरवर बुड घासतं, ते सोसायची तयारी हवी.

फोर्ड फिगो आवडणारे लोक तिच्याबद्दल जरा हळवे होऊन बोलतात. २०१० ची पहिली फिगो स्टिअरिंगसाठी घ्यावी, २०१५ ची दुसरी तिच्या १.५ लिटर डिझेल इंजिनासाठी. १०० पीएस आणि २१५ न्यूटन मीटर, एवढ्याशा गाडीत! सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि लोक बिचकले. त्याच भीतीमुळे ही गाडी तिच्या गुणांच्या मानाने स्वस्त मिळते. तुमच्या शहरात फोर्डचं काम करणारं चांगलं गॅरेज असेल तरच विचार करा, नाहीतर दुरून नमस्कार.

पुण्याजवळ रांजणगावात बनलेली फियाट पुंटोही तशीच. घाटात ती रुळावर असल्यासारखी वळते, हायड्रॉलिक स्टिअरिंग अगदी मनातलं बोलतं. पण ती जड आहे, तिचं १.३ डिझेल दोन हजार आरपीएमच्या खाली झोपलेलं असतं आणि भाग शोधत फिरावं लागतं. माझं मन तिच्यावर दोनदा गेलं आणि दोनदा परत आलं.

आणि पोलो. चाकणमध्ये बनलेली ही फोक्सवॅगन २०२२ मध्ये बंद झाली, तरी रस्त्यावर दिसली की मान वळते. इथे नीट बघा. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन पोलो आत अगदी वेगळ्या असू शकतात. सुरुवातीचं तीन सिलिंडरचं १.२ पेट्रोल ७५ पीएसचं आहे आणि गाडीच्या वजनासमोर ते दमतं. २०१३ ची जीटी टीएसआय १०५ पीएसची, तिच्यात सात गिअरचा ड्युअल क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. चालवायला बहार येते, पण असल्या गिअरबॉक्सचं मोठं काम निघालं तर तीन लाखांच्या बजेटमधल्या माणसाला ते झेपत नाही. नुसतं नाव आणि रूप बघून सौदा करू नका, इंजिन कोणतं हे विचारा.

व्हेरिएंटकडेही लक्ष द्या, हे मी हात जोडून सांगते. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या गाड्यांच्या टक्कर चाचण्या घेतल्या, तेव्हा एअरबॅग नसलेल्या स्विफ्टला शून्य तारे मिळाले. एअरबॅग नसलेल्या पोलोलाही शून्यच. त्याच पोलोला दोन एअरबॅगसह चार! त्या काळात एबीएस आणि एअरबॅग बहुधा वरच्या मॉडेललाच मिळायच्या, ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली ती २०१९ मध्ये. नवीन असताना वरच्या आणि खालच्या मॉडेलच्या किमतीत मोठा फरक असतो, दहा वर्षांनी तो बराच आटतो. जुनी गाडी घेण्यातला हा खरा फायदा आहे, तो सोडू नका.

बेचाळीस हजारांची गाडी

आता माझी फजिती. एका डीलरकडे २०१३ ची पांढरीशुभ्र हॅचबॅक उभी होती. नवे सीट कव्हर, चकाचक पॉलिश, मीटरवर ४२ हजार किलोमीटर. चालवून बघितली, पिकअप सुरेख. मी दहा हजार टोकन द्यायला फोन बाहेरसुद्धा काढला होता.

बाबा नुसते सोबत आले होते. ते ड्रायव्हरच्या दाराशी वाकले आणि क्लचच्या पेडलकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, आपली वॅगन-आर सत्तर हजार चालली. तिच्या पेडलच्या रबरावरच्या रेघा अजून दिसतात. हा बघ." रबर गोट्यासारखं गुळगुळीत होतं. सीट कव्हर जरा उचललं तर ड्रायव्हरच्या बाजूचा फोम बसलेला, कापड फाटलेलं.

आम्ही टोकन दिलं नाही. गाडीचा नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो आणि जुन्या नोंदी विचारल्या. २०१९ मध्येच ती ९१ हजार चालली होती. डीलरला सांगितलं तर तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, टायपिंग मिस्टेक असेल."

त्या दिवशी घरी येताना मला दोन गोष्टी कळल्या. मीटर खोटं बोलू शकतं, पण रबर, सीट आणि स्टिअरिंगची कातडी सहसा बोलत नाहीत. आणि मी एवढे दिवस मॉडेल निवडत बसले होते, खरं तर निवडायची असते ती समोर उभी असलेली एक विशिष्ट गाडी. जीव लावून सांभाळलेली साधी अल्टो ही खिळखिळ्या झालेल्या पोलोपेक्षा दहापट मजेदार असते. बाबांची 'कंडिशन' आणि माझी 'मजा' हे एकाच गोष्टीचे दोन शब्द होते, एवढंच.

बघायला जाल तेव्हा

सकाळी जा आणि विकणाऱ्याला आधीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर विचारा का. थंड इंजिन सुरू होतानाच आजार दाखवतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. थंडीत थोडी पांढरी वाफ चालेल, पण गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर कूलंट आत शिरत असण्याची शंका घ्यावी.

किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवरचे एबीएस आणि एअरबॅगचे दिवे लागून विझले पाहिजेत. विझले नाहीत तर बिघाड आहे. मुळात लागलेच नाहीत तर जास्त सावध व्हा, कारण दिवाच काढून टाकण्याची युक्ती जुनी आहे.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ३२१८ म्हणजे २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक झालेलं असतं आणि पावसात घसरतं. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या टोकाशी चिखलाची रेघ दिसली तर गाडी पाण्यात बुडालेली असू शकते. बॉनेटच्या आणि दारांच्या बोल्टवर पान्याच्या खुणा, उडालेला रंग दिसला तर पत्रा कधी काढला, कशासाठी, हे विचारा. बंपर घासलेला असणं ठीक आहे. आपल्या शहरांत बंपर न घासलेली गाडी मला उलट संशयास्पद वाटते!

टेस्ट ड्राइव्हला गाणी बंद, काचा बंद. खराब रस्त्यावर मुद्दाम न्या. पुढून कटकट आली तर सस्पेन्शनचे बुश किंवा लिंक गेलेत, हे फार महाग काम नाही, त्यावर भाव पाडता येतो. मोकळ्या सरळ रस्त्यावर हात जरा सैल सोडा, गाडी एका बाजूला जाते का बघा. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर नुसता आवाज वाढला आणि वेग वाढला नाही, तर क्लच प्लेट संपत आली आहे. आणि हे सगळं झालं तरी दोन हजार रुपये खर्चून आपल्या ओळखीचा मेकॅनिक घेऊन जा. आमच्या गल्लीतल्या भैयांनी लिफ्टवर गाडी चढवून पाच मिनिटांत जे सांगितलं, ते मला दिवसभरात कळलं नसतं.

माझी गाडी

शेवटी मिळाली ती २०१४ ची पेट्रोल स्विफ्ट, वरचं मॉडेल, दोन एअरबॅग आणि एबीएस. मालक एक निवृत्त काका, पहिलीच मालकी, ६८ हजार किलोमीटर, प्रत्येक सर्व्हिसचं बिल फाइलमध्ये तारखेनुसार लावलेलं. रंग मला न आवडणारा राखाडी. २ लाख ७० हजारांत ठरलं. काकांनी किल्ली देताना "पावसाळ्यात वायपर बदला हं" असं दोनदा सांगितलं, तेव्हाच मला कळलं की गाडी बरी निघणार.

उरलेले ५५ हजार मी आधीपासून बाजूला ठेवले होते, आणि तुम्हीही ठेवा. सगळं बजेट गाडीच्या किमतीत ओतलं की मग दोन वर्षं कटकट ऐकत फिरावं लागतं. चार नवे टायर, मागचे शॉकअब्सॉर्बर, पुढचे बुश, ब्रेक पॅड, सगळी ऑइलं, कूलंट आणि व्हील अलाइनमेंट. इन्शुरन्स धरून पैसे संपले. पण टायर आणि शॉकअब्सॉर्बर बदलून बाहेर पडले त्या दिवशी पहिल्याच वळणावर हसू आलं. तीच गाडी, नवीच वाटत होती.

कागदांचं कंटाळवाणं काम टाळू नका. एम-परिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून कर्जाचा बोजा, इन्शुरन्सची तारीख आणि आरसीची मुदत बघा, चलानं बाकी आहेत का तेही तपासा. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. गाडीवर कर्ज होतं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि इन्शुरन्स आपल्या नावावर करायला मुदत फक्त १४ दिवसांची. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर फिटनेस करून पाच-पाच वर्षं वाढवता येते. म्हणजे माझ्या गाडीला २०२९ मध्ये आरटीओची वारी आहे.

परराज्यातली गाडी स्वस्त मिळते म्हणून हुरळून जाऊ नका. माझा दिल्लीचा आतेभाऊ मागे लागला होता, "इथे दहा वर्षांच्या डिझेल गाड्या मातीमोल जातात, घेऊन जा." दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. त्यानंतरही यावर कोर्टात बरंच काही होत राहिलं, त्यामुळे घेण्याआधी ताजा नियम बघा. पण मुख्य अडचण पुढे असते. फॉर्म २८ ची एनओसी, तुमच्या राज्याचा रोड टॅक्स, नवा नंबर, आणि ती जुनी डिझेल तुमच्या आरटीओला चालते का. हा सगळा खर्च मांडला तर आतेभावाच्या गाडीतली बचत निम्म्याहून जास्त गेली. बाहेरच्या नंबरची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर नवी नोंदणी करावीच लागते.

गाडीत दोष नाहीत असं नाही. एसी मे महिन्यात जेमतेम पुरतो, मागची सीट उंच माणसाला अडचणीची आहे आणि संध्याकाळी राजवाड्याच्या गर्दीत अर्धा तास पहिला-दुसरा गिअर करताना मला आईचं "ऑटोमॅटिक घे" आठवतं. रोज फक्त अशाच गर्दीत चालवायची असेल, किंवा गुडघे दुखत असतील, तर आईचंच ऐका, मनापासून सांगते.

गेल्या महिन्यात बाबांना घेऊन जामगेटला गेले. उतारावर मी सारखा ब्रेक मारत होते तेव्हा त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, "गिअर उतरव. ज्या गिअरमध्ये चढली असतीस त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेक तापत नाहीत." दुसरा टाकला. गाडी इंजिनावर धरून, वळण घेत, सावकाश खाली आली. समोरून एक भरलेली पिकअप चढत होती, तिला आधी जाऊ दिलं. घाटात चढणाऱ्याचा मान पहिला. मंडलेश्वरला चहा झाला. परत येताना इंदूरच्या अलीकडे पेट्रोल पंपावर बाबांनी टाकी फुल्ल करायला लावली आणि मोबाइलवर भागाकार केला. सोळा.

"बरं देते," म्हणाले, आणि घरापर्यंत चालवायला किल्ली मागितली.